बाबांची एटहंड्रेड आणि शेडमधली नवी गाडी

पत्र

काका, तुमचं सदर आमच्या घरी बाबा वाचतात, म्हणून तुम्हालाच लिहितेय. बाबा ६४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. राहतात कराडला. मी लग्नानंतर पुण्यात. बाबांकडे १९९४ची मारुती एटहंड्रेड आहे, माझ्याहून एका वर्षानं मोठी. गेल्या दिवाळीत मी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून त्यांना नवी गाडी घेऊन दिली. ऑटोमॅटिक, सहा एअरबॅग, मोठा स्क्रीन, एडास (गाडी स्वतःच ब्रेक मारते, लेन सांभाळते ती यंत्रणा), सगळं असलेली. बाबांनी ती जेमतेम तीन आठवडे चालवली. एकदा उंब्रजजवळ स्टिअरिंग आपोआप ओढलं गेलं. मग एकदा घराच्या गेटमध्येच गाडीनं असा ब्रेक मारला की आईचं कपाळ डॅशबोर्डला लागलं. तेव्हापासून ती शेडमध्ये कव्हर घालून उभी आहे. बाबा म्हणतात, "हा चाकं लावलेला टीव्ही आहे. जुन्या गाडीचं लोखंड बघ आणि हिचा पत्रा बघ, बोटानं दबतो." गेल्या महिन्यात ते एटहंड्रेड घेऊन पुण्याला आले आणि परत जाताना माझ्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. पुढच्या सीटवर, माझ्या आईच्या मांडीवर. ते कराडला पोचल्याचा फोन येईपर्यंत मी घरभर फेऱ्या मारत होते. ती गाडी हल्ली चढावर खोकतेसुद्धा. बाबांना कसं समजावू? की जुनी गाडी परस्पर विकून टाकू? कृपया नाव छापू नका, बाबांना कळेल.

उत्तर

अगं, तू मला काका म्हटलंस म्हणून अहोजाहो सोडतो. नाव छापलेलं नाही. पण कराड, पाटबंधारे, चौऱ्याण्णवची एटहंड्रेड आणि शेडमध्ये झाकलेली नवी गाडी एवढ्या खुणा वाचल्यावर बाबांना कळायचं राहणार नाही. कळू दे. मला त्यांच्याशीही बोलायचंच आहे.

आधी नातीचं. त्यावर चर्चा नको, मतभेद नको, बाबांचा मान राखणंही नको. मांडीवरचं मूल म्हणजे न बांधलेलं मूल. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी कशालातरी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर बारा किलोचं मूल त्या क्षणी दीडशे किलोहून जास्त ओढीनं पुढे जातं. दीडशे किलो दोन हातांनी कोण धरणार? आजी धरू शकत नाही, आणि आजीनं स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचं वजन मागून त्या मुलावर येतं. महामार्गावर वेग ५० नसतो, ८० असतो, आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेलं तर हजार रुपये दंडही आहे, पण दंडाचं सोड. नव्या गाडीच्या मागच्या सीटमध्ये आयसोफिक्सच्या कड्या असतात, गादीच्या फटीत बोट घातलं की हाताला लागतात. त्यात बसणारं बालआसन या आठवड्यात घे. नात त्या गाडीत, मागे, त्या आसनात. एटहंड्रेडमध्ये तिनं उभ्या गाडीत हॉर्न वाजवायला बसावं. तेवढंच.

आता लोखंडाचं. "जुन्या गाड्यांचं लोखंड जाड" हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय, आणि त्यातली पहिली वीस वर्षं मी स्वतःच ते म्हणत होतो. माझ्याकडे अजूनही एक प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, १९८७ची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे एकसलग सीट, मागे पाटे, १०८९ सीसीचं इंजिन. काही वर्षांपूर्वी ती रंगवायला टाकली. डेंटर म्हणाला, साहेब, जरा इकडे या. त्यानं दाराखालच्या पट्टीवर हातोडीचा एक ठोका मारला, जोरात नाही, दार वाजवतात तसा, आणि हातोडी आत गेली. पत्रा नव्हताच तिथे. गंज होता, आणि गंजावर लांबीचे, म्हणजे पुट्टीचे थर, आणि लांबीवर रंग. कोणत्यातरी जुन्या मालकानं, किंवा मीच केव्हातरी, ते भरून घेतलं होतं. त्या दिवशी डेंटरनं मला एक युक्ती शिकवली: फ्रिजवर लावतो तसलं छोटं चुंबक घ्यायचं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही, तिथे लोखंड नाही, लांबी आहे. बाबांच्या गाडीवर हा प्रयोग त्यांनाच करायला सांग. दाराखालच्या पट्ट्या, मागच्या चाकावरच्या कमानी, आणि बॉनेट उघडून पुढचे शॉकअप जिथे वर बोल्ट केलेले असतात त्या जागा. तीस वर्षं आणि तीस पावसाळे झालेत. कृष्णा-कोयनेकाठची हवा काही कोकणाइतकी वाईट नाही, पण कोरडीही नाही.

आणि लोखंड खरोखर जाड असलं तरी काय? गाडी न चेपता थांबली तर धक्का जातो कुठे? आतल्या माणसात. ही गोष्ट बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यात आली, मर्सिडीजमध्ये. माणसं बसतात तो मधला पिंजरा कडक ठेवायचा आणि पुढचं-मागचं अंग मुद्दाम चेपेल असं करायचं, म्हणजे धडकेची ताकद पत्रा दुमडण्यातच खर्च होते. पेटंट १९५२चं. १९५९ साली तशी गाडी रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिननं तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा आणला. म्हणजे बाबा ज्याला "नवीन थेरं" म्हणतात त्यातल्या मुख्य दोन गोष्टी बाबांच्याही आधीच्या आहेत. आपल्यापर्यंत यायला फार उशीर झाला, एवढंच.

बाबांना तू एक चलतचित्र दाखव. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेनं २००९ साली आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू, ताशी सुमारे ६४ किलोमीटरनं, समोरासमोर अर्ध्या अंगानं धडकवली. बेल एअर म्हणजे काय गाडी! क्रोमचे बंपर, बोटीएवढं बॉनेट, अंगानं दांडगी. धडकेत तिचं स्टिअरिंग वर आणि आत आलं, चालकाच्या बाजूचा काचेजवळचा खांब मोडला, आतला पुतळा माणूस असता तर गेला असता. मालिबूच्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा. आवाज बंद करून दाखव, स्पष्टीकरण देऊ नकोस. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं ते त्यांना कळतं. धक्क्याचंही तसंच आहे हे ते बघता बघता ओळखतील.

आपल्याकडची गोष्ट अजून जवळची. जानेवारी २०१४मध्ये एटहंड्रेडचं उत्पादन थांबलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. त्या गाड्या एटहंड्रेडनंतरच्या पिढीच्या होत्या. मग तुझ्या बाबांची गाडी कुठे बसते, ते तूच ठरव. त्यानंतर नियम बदलत गेले: धडक चाचणी आली, २०१९मध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पाठोपाठ शेजाऱ्याची, आणि ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅपचे आपले स्वतःचे तारे. पत्रा बोटानं दबतो ही तक्रार खरी आहे. बाहेरचा पत्रा पातळच असतो. जीव वाचवणारं पोलाद त्याच्या आत, दाराच्या आडव्या दांड्यात आणि खांबांमध्ये असतं, तिथे बोट पोचत नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर तुला वाटेल मी तुझ्या बाजूचा. थांब जरा.

बाबांना काय सुटत नाहीये ते तुला कळलंय का, याची मला शंका आहे. तू "जुनी गाडी" म्हणतेस. ते "माझी गाडी" म्हणतात, आणि त्यात भावनेपेक्षा माहिती जास्त आहे. थंडीच्या सकाळी एटहंड्रेड कशी सुरू करायची, ते आठवतंय? चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी ती खुंटी, पूर्ण ओढायचा. ॲक्सिलरेटरला दोनदा हलका पाय, तीनदा नाही, नाहीतर प्लग ओले. मग किल्ली. इंजिन धरलं की कान लावून थांबायचं. तीन सिलिंडरचा तो फटफट आवाज जड असतो तोवर चोक तसाच, आवाज मोकळा झाला की अर्धा आत, आणि कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत पोचल्यावर पूर्ण आत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. हे बाबांच्या तळहाताला आणि कानाला येतं, आणि फक्त त्या एका गाडीपुरतं येतं. नव्या गाडीत बटण दाबलं की इंजिन सुरू. थंडी असो, पाऊस असो, समोर बाबा असोत की तुझी मुलगी असो, गाडीला फरक पडत नाही. तीस वर्षांचं कसब एका बटणानं बिनकामाचं केलं. शिवाय ते बटण मुलीनं आणून दिलं. दुखणारच.

माझंही तेच झालं. मी सतराव्या वर्षी वडिलांच्या फियाटवर शिकलो. उन्हाळ्यात बोरघाटात गाडीचं पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडायचं, मग बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं बसायचं. आईनं तेवढ्यात दशम्या काढायच्या. आज ती गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी येतं. पण खरं सांगू? तेव्हा मी घामानं निथळत होतो, वडील चिडलेले होते, आणि मागून ट्रकवाले शिव्या देत होते. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा केवढे गहिवर आले लोकांना. त्यातल्या किती जणांनी पावसाळ्यात त्या टॅक्सीच्या फुटक्या तळातून पाय भिजवून घेतले असतील, कोण जाणे. आपण दुरुस्ती आठवतो, बिघाड विसरतो. त्या काळी साठ-सत्तर हजार किलोमीटरला हाफ इंजिनचं काम निघायचं आणि आम्ही ते "गाडी आहे, चालायचंच" म्हणून करून घ्यायचो. आजचं धड सांभाळलेलं पेट्रोल इंजिन दोन लाखांपर्यंत कुणी उघडत नाही.

तरी बाबांच्या काही तक्रारी शंभर टक्के बरोबर आहेत, आणि तू त्या हसण्यावारी नेल्या असशील असं तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं. स्क्रीनचंच घे. स्वीडनच्या एका मोटार मासिकानं २०२२ साली बारा गाड्या घेतल्या आणि ताशी ११० वेगात चालकांना साधी कामं सांगितली: सीट गरम करा, रेडिओ लावा, ट्रिपचा आकडा शून्य करा. अकरा नव्या, स्क्रीनवाल्या. एक २००५ची व्होल्वो, फक्त बटणांची. जुन्या व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत झालं. सर्वात वाईट नव्या गाडीला जवळजवळ पंचेचाळीस सेकंद लागले, आणि तेवढ्या वेळात ती तेराशे मीटरहून जास्त अंतर कापून गेली होती. सव्वा किलोमीटरहून जास्त, निम्मं लक्ष स्क्रीनवर! बाबा टीव्ही म्हणतात ते उगाच नाही. आता युरोपातल्या तारे देणाऱ्यांनाही हे पटलंय. २०२६पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर असल्या कामांना खरीखुरी बटणं नसतील तर पूर्ण तारे मिळणं अवघड. म्हणजे जगाच्या निम्म्या इंजिनिअरांनी दहा वर्षं घालवून बाबांचंच मत मान्य केलं.

दुसरं, दिसणं. एटहंड्रेडचे काचेजवळचे खांब बोटाएवढे, चारही बाजूंना काच. नव्या गाडीचे खांब छत तोलायला आणि एअरबॅग लपवायला जाड केलेत, आणि वळताना त्या जाडीमागे एक अख्खी मोटारसायकल लपते. शिवाय ती वीतभराहून जास्त रुंद आहे. कराडच्या मंडईजवळच्या गल्लीत तो फरक आरशाला कळतो आणि मग बिलात कळतो. आणि बिल! माझ्या नव्या गाडीचं वायरिंग मागच्या पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलं. अठरा हजार रुपये. सर्व्हिस सेंटरच्या पोरानं लॅपटॉप जोडून मला दीड पान बिघाडांची यादी दाखवली, आणि शेवटी सगळ्याचं कारण एक उंदीर. शेजारी पद्मिनी उभी होती. तिला हात लावला नाही त्यानं. तिच्यात कुरतडण्यासारख्या वायरीच किती.

आता ते दोन प्रसंग. मला वाटतं, दोन्हींत गाडी बिघडलेली नव्हती.

गेटमधला ब्रेक बाबांच्या डाव्या पायानं मारला, पैज लावतो. चाळीस वर्षं तो पाय क्लचवर आहे. गेट आलं, वेग कमी करायचाय, डावा पाय आपोआप जोरात खाली जातो, आणि तिथे क्लच नाही, ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल आहे. क्लच जितक्या ताकदीनं दाबतात तितक्या ताकदीनं ब्रेक दाबला की काय होतं ते तुझ्या आईच्या कपाळाला विचार. (आणि कपाळ डॅशबोर्डला लागलं, म्हणजे पट्टा नव्हता. गेटपर्यंतही लावायचा. आईंना सांग.) ऑटोमॅटिकवर येणाऱ्या प्रत्येक जुन्या चालकाला हे एकदा तरी होतं, मलाही झालं, सुदैवानं मागे कोणी नव्हतं. उपाय अगदी गावठी आहे. डावा पाय मागे ओढून सीटला चिकटवून ठेवायचा आणि पहिला आठवडा मोकळ्या मैदानात, सकाळी सहाला, एकट्यानं चालवायचं. ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूच सरकते, ती सरकू द्यायची, ॲक्सिलरेटरला हात नाही, म्हणजे पाय नाही. हाफ क्लचवर गाडी चढावर धरणाऱ्या माणसाला ही सवय लागायला दोन दिवस पुरतात.

उंब्रजचं स्टिअरिंग. पुढच्या काचेमागे, वरच्या भागात एक कॅमेरा असतो, तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचतो. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम किती दिवस चाललंय तुला माहीत आहे. ठिकठिकाणी वळवलेला रस्ता, जुने पट्टे अर्धे पुसलेले, नवे तिरके. कॅमेरा बिचारा जो पट्टा दिसतो तो खरा मानतो. आणि दुसरं कारण, जे बाबांना आवडणार नाही: इंडिकेटर न देता लेन बदलली की गाडीला वाटतं चालकाला डुलकी लागली, आणि ती ओढून आत आणते. इंडिकेटर दिला की ओढत नाही. बाबांना विचार, इंडिकेटर देतात का. आमच्या पिढीत तो हातवाऱ्यांनी द्यायची पद्धत होती, नंतर तीही गेली.

तेव्हा असं कर. पुढच्या रविवारी कराडला जा, नवऱ्याला घरी ठेव, बाबांच्या शेजारी बस. गाडीच्या सेटिंगमध्ये लेन पकडणारं काम बंद कर. काही गाड्यांत ते दर वेळी इंजिन सुरू केल्यावर पुन्हा चालू होतं, तसं असेल तर बंद करायचं बटण कुठे ते बाबांना दाखव. समोरच्या धडकेआधी स्वतः ब्रेक मारणारं काम मात्र चालूच ठेव, फक्त त्याचा इशारा उशिरा येईल अशा खुणेवर आण, म्हणजे प्रत्येक मोपेडला ते किंचाळणार नाही. एसी ऑटोवर, तापमान चोवीस, परत हात लावायची गरज नाही. स्क्रीनवर बाबांना चारच गोष्टी येऊ देत. फोन, रेडिओ, मागचा कॅमेरा, आणि रात्री स्क्रीन काळा कसा करायचा. बाकीची बहात्तर कामं आहेत ती तुझ्या नवऱ्यासाठी.

आणि घाट! मला खात्री आहे, बाबांच्या मनात खरी भीती घाटाची आहे, ते बोलत नसतील. पुण्याहून येताना खंबाटकी चढून उतरायला लागायचं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिननं गाडी धरायची, ब्रेक तापवायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आता हातात गिअरच नाही. त्यांना दाखव की त्या दांड्याला एम किंवा एल असतं, किंवा स्टिअरिंगमागे पाती असतात, आणि उतारावर गिअर खाली आणला की ही गाडीही तशीच धरते. तू गाडी घेताना सेल्समननं हे सांगितलं नसेल. त्याला एअरबॅग मोजून दाखवायच्या होत्या. बाबांना एकदा स्वतः गिअर पाडून गाडी धरू दे, मग बघ कव्हर किती दिवस राहतं ते.

परस्पर विकायचं मात्र डोक्यातून काढ. एक तर जमणार नाही, आरसीवर नाव त्यांचं, फॉर्म २९ आणि ३०वर सही त्यांची लागते. दुसरं, तीस वर्षांच्या एटहंड्रेडला बाजारात जे येईल त्यात तुझ्या नव्या गाडीचे चार टायर येतील की नाही शंका आहे. आणि तिसरं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही. दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नकोस, पंधरा वर्षांनी खासगी पेट्रोल गाडी रस्त्यावरून काढायचा नियम आपल्याकडे नाही. दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण आहे, पर्यावरण कर आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाची फी २०२५मध्ये दहा हजार झाली. चौऱ्याण्णवची गाडी म्हणजे नूतनीकरण २०२४ला झालेलं असणार, पुढचं २०२९ला. आरसी काढून तारीख बघ. झालेलं नसेल तर विम्याचाही प्रश्न येतो.

आता बाबांशी.

नमस्कार साहेब. तुमच्या मुलीनं नाव लपवलं, मी तुमचं वय उघड केलं, दोघांनाही माफ करा. तुमची गाडी ठेवाच. रविवारी सकाळी काढा, मंडईत न्या, कृष्णामाईच्या घाटावर न्या, मित्रांकडे न्या. महामार्गावर नेऊ नका, आणि नातीला घेऊन तर नाहीच. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते वळण तुम्ही माझ्याहून जास्त वेळा बघितलंय. मागून येणारा कंटेनर तुमचं कसब ओळखत नाही.

टायरवर एकदा नजर टाका. बाराइंची टायर फार झिजत नाहीत, कारण गाडी हलकी, पण रबर म्हातारं होतं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २२१७ असेल तर तो २०१७च्या बाविसाव्या आठवड्यातला, नक्षी कितीही चांगली दिसो, काढून टाका.

आणि तो चढावरचा खोकला. मुलीनं ओझरतं लिहिलंय, पण मला रात्री तेच आठवत राहिलं. सपाटीला नीट चालते आणि चढावर ओढताना खोकते, म्हणजे बहुधा ओढीच्या वेळी पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटर उघडायची घाई करू नका, मेकॅनिकला तर मुळीच उघडू देऊ नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोनतृतीयांश ऊर्जा, त्यामुळे मायलेज थोडं पडणार, ते मनाला लावून घेऊ नका. पण इथेनॉल टाकीच्या तळाचा तीस वर्षांचा गाळही सोडवतं, आणि जुन्या रबराच्या नळ्या मऊ करतं. बॉनेट उघडून नळ्यांना बोट लावा. चिकट लागल्या किंवा पेट्रोलचा वास आला तर इथेनॉल चालणाऱ्या नव्या टाका, आणि गाडी महिनाभर नुसती उभी ठेवू नका. त्याआधी तो छोटा प्लास्टिकचा फिल्टर काढा, पारदर्शक असतो, उजेडात धरून बघा. तळाशी तांबूस भुकटी दिसली तर टाकी उतरवून धुवावी लागेल. अर्धा दिवस जातो. नात झोपेल तेव्हा सुरू करा, उठली की पाने हातात द्यायला तिला बसवा.